पत्र्याची पेटी मोडीत काढण्यापूर्वी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संगणकाच्या त्या पत्र्याच्या खोक्याला आपल्याकडे घरोघरी ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आत बसलेली, बिस्किटाएवढी एक चिप. खोक्याला दुकानदार ‘कॅबिनेट’ म्हणतो, आपणही आज तोच शब्द वापरू. नावाचा हा घोळ वरवर किरकोळ वाटतो, पण त्यापायी पैसे जातात. घर बदलताना टेम्पोतून कॅबिनेट पडतं, समोरचं प्लास्टिक फुटतं, बाजूचा पत्रा चेपतो, आणि घरात एकच वाक्य उमटतं, ‘सीपीयू गेला.’ प्रत्यक्षात आतलं सगळं शाबूत असतं, गेलेली असते ती पेटी. याच्या उलट दुसरी माणसं म्हणतात, ‘खोकंच तर आहे, त्याला काय होतंय?’ आणि वाकलेल्या, गंजलेल्या, अर्ध्या उघड्या पेटीत यंत्र तसंच चालवत राहतात. पहिल्या समजुतीत पैसा जातो, दुसरीत कधीकधी त्याहून मोलाचं काही.

मी संगणकाचा इंजिनिअर नाही, पत्र्याचा माणूस आहे. भांडुपच्या एका कारखान्यात शीट मेटल विभागात ३१ वर्षं काढली. निवृत्तीनंतर घाटकोपरला शेजारीपाजारी आपापली कॅबिनेटं घेऊन येऊ लागले आणि हा उद्योग मागे लागला. तेव्हा आज जे सांगणार आहे ते पत्र्याच्या बाजूने. खिशात पैसे थोडे असतील तर फुटक्या कॅबिनेटवर ते कुठे खर्च करावेत आणि कुठे करू नयेत, एवढाच विषय.

त्यासाठी आधी पेटी काय काम करते ते पाहू. तिची कामं तीन. पहिलं काम धरण्याचं. मदरबोर्ड, हार्ड डिस्क, वीज पुरवणारा एसएमपीएस, सगळ्यांना हलू न देता, वाकू न देता धरायचं. दुसरं काम वाऱ्याचं. पुढून गार हवा आत घ्यायची आणि मागून गरम हवा बाहेर काढायची. तिसरं काम कोणाच्या लक्षात येत नाही. आत कुठे वीज गळली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता थेट जमिनीत जाईल अशी वाट करून द्यायची. चौथं काम म्हणजे दिसण्याचं, आणि आपण पैसे खर्च करतो ते नेमके या चौथ्या कामावर.

हे मी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पाहिलं ते २६ जुलै २००५ च्या पावसानंतर. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर. दक्षिण मुंबईत छत्री भिजली आणि उपनगरांत घरं बुडाली. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून साकीनाका, कुर्ला, कलिना करत माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या काठाने तळमजल्याच्या घरांत पाणी शिरलं. ते वर्ष घराघरात पहिला संगणक येण्याचं होतं. हप्त्यावर घेतलेली ती कॅबिनेटं लोकांनी उन्हात काढून ठेवली होती, गाद्यांच्या आणि पुस्तकांच्या शेजारी. आठवड्याभरात त्यांच्या कडांना तांबूस गंज दिसू लागला. काहींनी गंज खरवडून छान रंग मारला आणि बुडालेला एसएमपीएस मात्र तसाच ठेवून बटण दाबलं. त्यातले काही धडामकन गेले. म्हणून पाण्यात बुडालेल्या संगणकाचा पहिला नियम असा, की एसएमपीएस बदलायचा, त्यात काटकसर नाही. पेटीचा पत्रा मात्र स्वच्छ पाण्याने धुऊन, चिखल काढून, खडखडीत वाळवून पुन्हा वापरता येतो.

आता कामाला लागू. हत्यारं घरातलीच. फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, कानस, लोखंडी फूटपट्टी, लाकडाचा एक ठोकळा आणि लाकडी किंवा रबरी हातोडी. हातोडी नसेल तर कपडे धुण्याचा धोका चालतो. आधी प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच बाहेर हवा. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलीसुरली वीज निघून जाते. एसएमपीएसची डबी मात्र उघडायची नाही. तिच्यात सव्वातीनशे व्होल्टच्या आसपासचा साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. आतल्या वायरी काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्या. मोबाइल नसेल तर कागदावर चित्र काढा. नंतर डोकं खाजवायची वेळ येत नाही. पत्र्याचं काम करताना मदरबोर्ड बाहेर, वर्तमानपत्रावर, दुसऱ्या खोलीत. कानशीचा एक बारीक कीस बोर्डावर पडला तरी तो दोन तारा जोडून टाकतो.

पेटी रिकामी झाली की ती सपाट लादीवर उभी करा. डगमगते का? चार पायांपैकी एखादा उचलला गेला, तर सांगाडा पिळलेला आहे. मग दोरा घ्या. पेटीच्या मोकळ्या बाजूचा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण मोजा, मग दुसरा कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर पेटी काटकोनात आहे. फरक आला तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर हळूहळू दाब देऊन तो मिटवायचा. शेवटी ज्या पत्र्यावर मदरबोर्ड बसतो, त्यावर फूटपट्टी आडवी, उभी, तिरपी धरून खालून उजेड दिसतो का पाहा. ही जागा सपाट हवी म्हणजे हवीच. बाजूचा पत्रा चेपलेला असला तरी यंत्र चालतं. पण बोर्डाखालचा पत्रा वाकलेला असेल तर स्क्रू आवळताना बोर्डही वाकतो. मग कुठेतरी झाळलेला सांधा सुटतो, मेमरीची पट्टी नीट बसत नाही, आणि ‘मधूनच बंद पडतं’ हे दुखणं सुरू होतं. त्याचं मूळ कोणी पत्र्यात शोधत नाही.

पत्रा सरळ करताना घाई नको. कॅबिनेटचा पत्रा बहुधा अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. चेपलेल्या भागावर लोखंडी हातोडीने ठोकलं की पत्रा ताणला जातो, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ वाढतं. मग तो फुगतो आणि बोट लावलं की डबडब वाजतो. एकदा पत्रा ताणला गेला की घरच्या हत्यारांनी तो परत येत नाही. म्हणून चेपलेल्या भागाच्या बाहेरच्या अंगाला लाकडी ठोकळा धरायचा आणि आतून लाकडी हातोडीने अगदी हलके टोले मारायचे. सुरुवात कडेकडेने, मग मध्याकडे. कडा वाकली असेल तर पक्कडीच्या दोन्ही जबड्यांना कापड गुंडाळून थोडी थोडी सरळ करायची. हे जमत नसेल तर गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या कारागिराकडे जा. अंधेरी, मुलुंड, बोरिवली, कुठेही रस्त्याकडेला असं एखादं गॅरेज सापडतंच. त्याच्या हाताला हे काम दहा मिनिटांचं. कोपऱ्याचं रिव्हेट तुटलं असेल तर तोच किंवा ग्रिल बनवणारा फॅब्रिकेटर नवं पॉप रिव्हेट मारून देतो. नाहीतर त्या भोकात नट-बोल्ट घाला. दिसायला ओबडधोबड, धरायला पक्कं.

आता स्क्रू. जुन्या कॅबिनेटमध्ये निम्मे स्क्रू गायब असतात आणि उरलेले फिरत राहतात. याचं कारण असं, की संगणकात दोन जातींचे स्क्रू लागतात आणि दोन्ही दिसायला भावंडं. एक अमेरिकन मापाचा ६-३२, साडेतीन मिलिमीटर जाडीचा, मोठ्या आट्यांचा. पेटीचा सांगाडा, एसएमपीएस आणि मोठी हार्ड डिस्क यांना तो लागतो. दुसरा एम-३, तीन मिलिमीटर जाडीचा, बारीक आट्यांचा. तो सीडीच्या ड्राइव्हला आणि छोट्या एसएसडीला. बारीक स्क्रू मोठ्या भोकात घातला की नुसता फिरतो, मोठा स्क्रू बारीक भोकात दामटला की आटे खातो. दोघांची वेगळी पुडी करा, निम्मा त्रास तिथेच संपतो. आटे गेलेच असतील तर सहा नंबरचा, पत्र्यात स्वतःची वाट करणारा आखूड स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

बोर्डाखाली ज्या पितळी खुंट्या असतात, ज्यांना स्टँडऑफ म्हणतात, त्या मोजून घ्या. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच खुंटी हवी. भोक नसलेल्या जागी एखादी खुंटी राहून गेली, तर ती बोर्डाच्या पाठीला टेकते, शॉर्ट होतं आणि चांगला बोर्ड जळतो. उलट एखाद्या भोकाखाली खुंटीच नसेल, तर तिथे मेमरी किंवा केबल खोचताना बोर्ड खाली दबतो. दहा रुपयांच्या खुंटीसाठी हजारोंचा बोर्ड धोक्यात घालू नये.

गंजाकडे वळू. आपल्या उपनगरांना एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. वर्सोव्याच्या बाजूला खारा वारा, मुलुंड-भांडुपच्या पूर्वेला मिठागरं. त्यात चार महिने पावसाची दमट हवा. पत्रा गंजणारच. पण गंज दोन प्रकारचा असतो हे लक्षात घ्या. कॅबिनेटच्या पत्र्यावर बहुधा जस्ताचा पातळ थर असतो. त्यावर पिठासारखी पांढरी पूड दिसली, तर ते जस्त झिजतंय. स्वतः झिजून आतलं लोखंड वाचवायचं, हेच त्याचं काम. ही पूड कोरड्या ब्रशने झाडा आणि थांबा. तिथे पॉलिश पेपर घासलात तर उरलेलं जस्तही जाईल. तांबूस गंज दिसला तर मात्र लोखंडापर्यंत पोचलाय असं समजा. तिथे १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२० चा, मग थिनरच्या फडक्याने पुसून रेडऑक्साइडचा एक हात. तो पुरता वाळू द्या. पावसाळ्यात एक दिवस पुरत नाही, दोन द्या. त्यावर घरात उरलेला कुठलाही ऑइलपेंट चालेल.

रंग मारताना एक पथ्य कटाक्षाने पाळायचं. जिथे पत्रा पत्र्याला टेकतो आणि जिथे एसएमपीएसचे चार स्क्रू बसतात, त्या जागा उघड्या धातूच्याच राहू द्यायच्या. तिथे चिकटपट्टी लावून मगच ब्रश फिरवा. रंग हा विजेला अडथळा आहे, आणि पेटीचं तिसरं काम या उघड्या जागांमधूनच होतं. ते कसं, ते पुढे सांगतो.

समोरचं प्लास्टिक फुटलं असेल तर सगळे पहिल्यांदा फेविक्विक काढतात. ते झटकन चिकटतं, पण झटक्याने सुटतंही. बटणाजवळच्या, रोज दाब पडणाऱ्या जागी ते टिकत नाही. तिथे दोन्ही कडा पॉलिश पेपरने खरखरीत करून ॲराल्डाइट लावा आणि रात्रभर बांधून ठेवा. अडकवायचे खिळे किंवा खाचा तुटल्या असतील तर आतून एम-सीलचा गोळा भरा. तेही नको असेल तर प्लास्टिक आणि पत्रा यांतून आरपार दोन भोकं पाडून दोन स्क्रू घाला.

पॉवरचं बटण बिघडलं तर पैसे खर्चायची गरजच नाही. ते बटण फक्त क्षणभर दोन तारा जोडतं, आणि शेजारचं रिसेटचं बटण नेमकं तेच करतं. रिसेटची दोन तारांची टोपी मदरबोर्डावर पॉवरच्या जागी लावा. बटणाच्या तारांना उलटसुलट नसतं, दिव्याच्या तारांना मात्र असतं. दिवा पेटला नाही तर टोपी फिरवून लावा. समोरचा यूएसबीचा खाचा आतून वाकला असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत त्याची वायर बोर्डावरून काढून ठेवा. त्यात पाच व्होल्टची वीज असते, आणि वाकलेली पट्टी ती शॉर्ट करू शकते.

आता दुसरं काम, वारा. बाजूचं झाकण हरवलं की लोक पेटी उघडी ठेवतात. कुणी वर टेबलफॅनही लावतं. तात्पुरतं ठीक. पण उघड्या पेटीत धूळ बसते, झुरळं येतात, पाल शिरते, घरात लहान मूल असेल तर त्याचं बोट पंख्यात जातं. मागच्या बाजूला कार्डांच्या खाचांवरच्या पट्ट्या गळलेल्या असतील तर तिथूनही हेच पाहुणे. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, कडा दुमडून, स्क्रूने घट्ट बसवला की ती खाच बंद. पत्रा सैल राहून आत पडता कामा नये, एवढं पाहा. पुठ्ठा टाळा, तो दमट हवेत लोळतो. पुढचं वारा घेण्याचं तोंड आणि मागचा पंखा मात्र मोकळे राहिले पाहिजेत. खालचे रबरी पाय गेले असतील तर जुन्या हवाई चपलेचे चार सारखे तुकडे कापून ॲराल्डाइटने चिकटवा. पेटी स्थिर राहते, कंप कमी होतो. तळमजल्यावर राहत असाल तर पेटी जमिनीवर ठेवूच नका. दोन विटा आणि एक फळी, एवढ्याने पहिल्या वीतभर पाण्यापासून ती वाचते.

बाजूचं झाकण नवं करून घ्यायचं, की भंगारातून आणायचं? इथे थोडा इतिहास कामाला येतो. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचं माप ठरवलं. पूर्ण आकाराचा बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, भोकांच्या जागा ठरलेल्या, एसएमपीएसचे स्क्रू ठरलेले. म्हणून इतक्या वर्षांनंतरही जुन्या पेटीत नवा बोर्ड बसतो. पण हे माप आतलं आहे. बाहेरच्या झाकणाचं कुठलंच सर्वमान्य माप नाही, ज्याचं त्याचं वेगळं. त्यामुळे एकाचं झाकण दुसऱ्याला बसेलच असं नाही. त्यापेक्षा पूर्ण रिकामी पेटीच जुनी घेणं कधीकधी स्वस्त पडतं. साकीनाका, जरीमरी, कुर्ला या पट्ट्यात भंगाराची गोदामं आहेत. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला, नव्या पेट्यांच्या बरोबरीने सुटे भागही मिळतात. जाताना दोरा आणि फूटपट्टी घेऊन जा आणि कर्ण तिथेच मोजा. मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांच्या काही पेट्यांत बोर्डाची मापं आणि बटणाच्या टोप्या त्यांच्या स्वतःच्याच असतात. तशी पेटी कितीही स्वस्त मिळाली तरी आपला बोर्ड तिच्यात बसतो का ते पाहिल्याशिवाय उचलू नका.

आता तिसरं काम, ज्यासाठी मुख्यतः मी हे सगळं बोलतो आहे. एक प्रसंग सांगतो. जून २०२०. शाळा बंद, वर्ग ऑनलाइन, लोकल सर्वसामान्यांना बंद, हार्डवेअरची दुकानं एक दिवसाआड उघडत. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतले एक रिक्षाचालक गृहस्थ जिन्यात कॅबिनेट ठेवून गेले. मुलगी दहावीला. कुणीतरी दिलेला जुना संगणक पोटमाळ्यावरून काढताना हातातून निसटला होता. एक कोपरा आत गेला होता, समोरचं प्लास्टिक फुटलं होतं, पॉवरचं बटण आत रुतलं होतं. मी वर सांगितलं तेच सगळं केलं. तिसऱ्या दिवशी यंत्र चालू झालं. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

“काका, चित्र येतंय, आवाज येतोय. पण पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. आई म्हणते, चप्पल घालून बस.”

“बाळ, चप्पल घालून नाही, प्लग काढून बस. मी येतो,” मी म्हटलं.

मी मास्क लावून वर चढून गेलो. टेस्टर पेटीच्या उघड्या स्क्रूला लावला, तो मंद पेटला. वडील म्हणाले, “काका, एक जण म्हणतो, सॉकेटमध्येच एक छोटी वायर टाकली की झिणझिण्या बंद. पन्नास रुपयांत करून देतो. करू का?”

“अजिबात करू नका,” मी म्हटलं. का, ते सांगतो.

एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पेटीच्या पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून. भिंतीतल्या थ्री-पिनमध्ये अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारी थोडीशी वीज वरच्या जाड पिनेतून जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर ती पत्र्यावरच थांबते, आणि पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. त्यातला प्रवाह फार थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण त्या झिणझिण्या एक निरोप देतात, की या घरात अर्थिंग नाही. उद्या एसएमपीएसच्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर येतील आणि फ्यूज उडणार नाही. कारण विजेला जमिनीकडे जायला वाट नाही. वाट होईल ती हात लावणाऱ्याच्या अंगातून.

आणि ती पन्नास रुपयांची वायर? ती न्यूट्रल आणि अर्थच्या पिना सॉकेटमध्येच जोडून टाकते. झिणझिण्या थांबतात, टेस्टरही पेटत नाही, सगळे खूश. पण ज्या दिवशी मीटरकडून येणारी न्यूट्रलची तार कुठे तुटेल किंवा सैल होईल, त्या दिवशी घरात चालू असलेल्या दिव्या-पंख्यांतून फेजची वीज उलटी फिरून थेट पेटीच्या पत्र्यावर येईल. दुखणं लपवून मरण आत आणणारा हा उपाय आहे. तसंच नळाच्या पाइपला अर्थ बांधणं. एक तर आता पाइप बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे आहेत, आणि जिथे लोखंडाचे आहेत तिथे आपली गळकी वीज शेजारणीच्या नळाला जाते.

खरा उपाय साधा होता. चाळीच्या मीटरबोर्डापर्यंत अर्थिंगची तार आलेली होती, पुढे खोलीपर्यंत कोणी ती ओढलीच नव्हती. परवानाधारक वायरमनने हिरवी वायर ओढली, नवं सॉकेट बसवलं. मग प्लग भिंतीतून काढून मी मल्टीमीटर लावला. एक टोक प्लगच्या जाड पिनेला, दुसरं पेटीच्या उघड्या पत्र्याला. काटा शून्याशी आला. म्हणजे पिनेपासून पत्र्यापर्यंत वाट अखंड. एसएमपीएसच्या स्क्रूंखाली रंग नको असं मघाशी म्हटलं ते याचसाठी. यानंतर प्लग लावून टेस्टर टेकवला, तो पेटला नाही. त्या वर्षी मुलीने दहावीचा अभ्यास त्याच पेटीसमोर बसून केला.

त्या कामाचा हिशेब माझ्या वहीत आहे. एम-सील, पॉलिश पेपर, स्क्रू, ॲराल्डाइट मिळून शंभराच्या आत. वायर, सॉकेट आणि मजुरी मिळून साडेसहाशे. म्हणजे पेटीच्या दुरुस्तीतला बहुतेक पैसा भिंतीत गेला, आणि तो तिथेच जायला हवा होता. कोपऱ्यावरचा चेपलेला डाग मी तसाच ठेवला. त्याने कोणाचं काही अडत नव्हतं.

तेव्हा पैसे थोडे असतील तर खर्चाचा क्रम असा लावा. सगळ्यात आधी अर्थिंग, आणि बुडालेला किंवा जळका वास येणारा एसएमपीएस असेल तर तो. मग बोर्डाखालचा पत्रा, खुंट्या आणि स्क्रू. मग वारा आणि उघड्या खाचा. मग गंज. रंग आणि शोभा सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. दुकानदार बहुधा हा क्रम उलटा सांगेल. चकचकीत पेटी आधी दाखवील. त्याच्यावर रागावू नका, तो पेटी विकायला बसला आहे.

पेटी टाकूनच द्यायची वेळही येते. बोर्डाखालचा पत्रा गंजून चाळण झाला असेल, किंवा सांगाडा पापडासारखा पिळला असेल आणि दोन प्रयत्नांत कर्ण जुळत नसतील, तर हट्ट सोडा. मात्र ती देताना आतलं काय कुठे जातं ते पाहा. नुसता पत्रा भंगारवाल्याला खुशाल द्या, लोखंड वितळून पुन्हा वापरात येतं. बोर्ड, वायरी, एसएमपीएस यांचं तसं नाही. त्यांत शिसं असू शकतं, आणि तांबं काढण्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या की विषारी धूर वस्तीतच राहतो. ई-कचऱ्यासाठी देशात २०११ मध्ये पहिले नियम झाले, ते २०१२ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू आहेत. त्यांनुसार हा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. सोसायटीत वर्षातून एकदा सगळ्यांचा मिळून गोळा केला तर नेणाऱ्यालाही परवडतं.

पावसाळा तोंडावर आला की आपण छपरावरची कौलं पाहतो, प्लास्टिक बांधतो, छत्र्यांच्या काड्या तपासतो. त्याच रविवारी एक टेस्टर घ्या आणि घरातल्या संगणकाच्या पेटीच्या मागच्या एखाद्या उघड्या स्क्रूला टेकवून पाहा. फ्रिजला आणि वॉशिंग मशिनलाही टेकवा, नियम तोच. टेस्टर मंदसासुद्धा पेटला, तर प्लग काढा आणि आधी वायरमनला बोलवा. पत्र्याचं काम नंतर निवांत करता येईल.